अंगठ्यापासून चेहऱ्यापर्यंत

चुडाव्याहून बोलतेय. आज तुम्हाला इतिहासातली एक गोष्ट सांगायची आहे. पण ती राजाची नाही की लढाईची नाही. माणसाचा चेहरा कागदावर कसा उमटला, आणि त्यात आपल्यासारख्या कष्टकरी बाईचा चेहरा कधी आला, त्याची ही गोष्ट. सुरुवात मात्र एका अंगठ्यापासून करते.

आमच्या गटात सगळ्यांत वडीलधाऱ्या एक आजी आहेत. त्यांना आम्ही सगळ्या मोठीमाय म्हणतो. गेल्या उन्हाळ्यात निराधार योजनेचे पैसे काढायला मी त्यांच्यासोबत गेले होते. मशीनवर अंगठा ठेवला, जुळला नाही. पदराला पुसून ठेवला, ओल्या फडक्याने पुसून ठेवला, दुसरी बोटं ठेवून पाहिली. तिथला पोरगा म्हणाला, "आजी, तुमचा ठसाच उमटत नाही. दुसऱ्या दिवशी या." असे तीन हेलपाटे झाले. कसा उमटणार? साठ वर्षं खुरपं धरलं, कापूस वेचला, राखेने भांडी घासली, बोटांवरच्या रेघा कामातच झिजून गेल्या. परत येताना ऑटोत मोठीमाय मला म्हणाल्या, "माय, मी हाव का न्हाई, हे आता मशीन सांगणार व्हय?"

पुढे डोळ्यांच्या मशीनवर काम झालं, पैसे मिळाले. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. बी.ए.ला माझा इतिहास होता. म्हणून घरी येऊन मी जुनी पुस्तकं काढली आणि विचार करत बसले, की ठसा, छाप, चेहरा, नाव या सगळ्यांचं आपल्याशी नातं कधीपासूनचं आहे?

अंगठ्याचीच गोष्ट घ्या. 1858 साली बंगालमध्ये जंगीपूर इथे विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. एका ठेकेदाराशी त्याने करार केला आणि पुढे त्या माणसाने शब्द फिरवू नये म्हणून त्याच्या अख्ख्या पंजाला शाई लावून कागदावर छाप घेतली. तिथून ही पद्धत वाढत गेली. 1897 साली कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. आपल्या आज्या-पणज्यांचं नाव कागदावर आलं ते बहुतेक 'निशाणी अंगठा' म्हणून. जमिनीची वाटणी असो, कर्जाचा कागद असो, लिहिणारा दुसराच कुणी असे. बाईकडून हवा असे तो फक्त अंगठा. कागदावर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नसे, आणि कागदाला तिचा चेहरा ठाऊक नसे.

चेहरा मग कुणाचा जपला जायचा? ज्याच्याकडे सत्ता आणि पैसा, त्याचा. आपल्या महाराष्ट्रातलं याचं फार जुनं उदाहरण जुन्नरजवळच्या नाणेघाटात आहे. आपल्या गोदावरीकाठच्या पैठणला राजधानी असलेले सातवाहन राजे, त्यांनी साधारण दोन हजार वर्षांपूर्वी तिथे डोंगरात एक लेणं खोदलं. त्यात राजघराण्यातल्या माणसांचे रांगेने आठ पुतळे कोरले होते आणि प्रत्येकाच्या वर ब्राह्मी लिपीत नाव. त्यात नागनिका ही राणीही होती. तिच्या दानधर्माचा आणि यज्ञांचा मोठा लेख तिथल्या भिंतीवर आजही आहे. पुतळे मात्र गेले. पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या. म्हणजे बघा, राणी होती म्हणून नाव टिकलं, पण राणी असूनही चेहरा टिकला नाही. मग जिच्या नावाने सातबारासुद्धा नाही, तिचं काय टिकणार?

पुढे छापखाने आले. 1878 साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी चित्रशाळा काढली. 1894 साली राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे दगडावर चित्र उतरवून रंगीत छपाई व्हायची. त्यामुळे पहिल्यांदा गरिबाच्या भिंतीवर चित्र आलं. पण त्या चित्रात कोण होतं? देव, देवी, राजे, पेशवाईतले कारभारी. चित्र आपल्या घरात आलं, पण घरातलं माणूस चित्रात आलं नाही. त्या दगडांना आणि यंत्रांना इतका पैसा लागायचा, की आपल्या आईचं चित्र छापून घ्यावं असं कुणा शेतकऱ्याच्या मनातही आलं नसेल.

हे बदलायला एक साधी वस्तू कारणी लागली, आणि ती आपल्या शेतातल्या पिकापासून होते. ते पीक म्हणजे जवस. चटणीपुरता जवस आता बांधाच्या कडेला राहिलाय, सोयाबीनने त्याची जागा घेतली. पण माझ्या आजोबांच्या काळी आपल्याकडे जवसाची निळी फुलं शेतभर दिसायची. जवसाच्या तेलाचा एक गुण आहे. ते उघडं राहिलं की हळूहळू घट्ट होतं, वर साय धरतं. रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते हेच, उकळलेलं जवसाचं तेल. दाराला लावलं की वाळून पक्कं बसतं.

इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या माणसाने रंगाच्या डब्यावर धरलेली ही साय पाहिली आणि त्याच्या डोक्यात कल्पना आली. घट्ट झालेलं जवसाचं तेल, त्यात राळ आणि बुचाच्या झाडाच्या सालीचा भुसा कालवायचा आणि तरटाच्या कापडावर दाबून बसवायचा. त्याची चिवट, गुळगुळीत चटई तयार झाली. 1863 साली त्याने तिचं पेटंट घेतलं. नाव ठेवलं लिनोलियम. लॅटिन भाषेत 'लिनम' म्हणजे जवस आणि 'ओलियम' म्हणजे तेल. नुसतं जवसाचं तेल, एवढाच त्या भारी नावाचा अर्थ! साहेबाच्या घरात जमिनीवर अंथरायला ही चटई वापरायचे. त्या काळी मुंबई बंदरातून जवसाची पोती बोटी भरभरून विलायतेला जायची, आणि ज्या तरटावर हा थर बसवायचे त्याचा ताग बंगालचा. म्हणजे साहेबाच्या पायाखालच्या चटईतही आपल्याकडच्या शेतकऱ्याचा घाम होता.

पुढे चित्रकारांच्या लक्षात आलं, की ही चटई लाकडापेक्षा मऊ आहे, तिला लाकडासारख्या आडव्या-उभ्या शिरा नाहीत, हत्यार कुठेही वळतं, आणि उरलेले तुकडे स्वस्त मिळतात. व्हिएन्ना शहरात फ्रान्झ चिझेक नावाचे शिक्षक लहान मुलांना लिनो कोरायला शिकवत. जर्मनीतल्या तरुण चित्रकारांनीही ते उचललं. मोठमोठे कलावंत आधी नाक मुरडायचे, म्हणे हे पोरांचं काम. पण जे पोरांना जमतं ते घरच्या बाईलाही जमतं. आपल्याला आणखी काय पाहिजे?

काम कसं चालतं ते सांगते. शाळेत भेंडी कापून तिचे ठसे तुम्ही काढलेच असतील. हे तसंच. लिनोच्या तुकड्यावर चित्र काढायचं. जिथे पांढरं हवं तिथे कोरणीने खरवडून काढायचं, जिथे काळं हवं तो भाग तसाच ठेवायचा. मग छपाईची शाई रुळाने वरच्या भागावर लावायची, कागद ठेवायचा आणि पळीच्या पाठीने घासायचं. यंत्र लागत नाही. कागद उचलला की चित्र तयार. एका तुकड्यावरून पन्नास कागद काढा, पन्नास घरांत जातील.

आपल्या देशात हे काम शांतिनिकेतनात रुजलं. तिथे नंदलाल बोस शिकवायचे. 1930 साली गांधीजी दांडीला मीठ उचलायला निघाले, तेव्हा नंदलालांनी लिनोवर त्यांचं चित्र कोरलं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांनी काढलेला, हातात काठी घेऊन चाललेला म्हातारा. मोजक्याच रेषा, पण पाहताक्षणी कळतं की हा माणूस थांबणार नाही. हेच नंदलाल 1936 साली आपल्या खानदेशात फैजपूरला आले होते. खेड्यात भरलेलं ते काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. तिथली सजावट त्यांनी गावातल्याच बांबूने आणि गावातल्याच साध्या वस्तूंनी केली. त्यांच्या विद्यार्थ्यांत राणी चंदा नावाची मुलगीही होती. तिनेही लिनोवर काम केलं, पुढे 1942 च्या चळवळीत तुरुंगात गेली आणि तिथल्या बायांवर तिने बंगालीत पुस्तक लिहिलं.

पण या सगळ्यांत मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते चित्तप्रसाद. जन्म 1915 चा, बंगालचा. ब्राह्मण घरातले होते, पण जात कळते म्हणून आडनाव टाकून दिलं, नुसतं चित्तप्रसाद राहिले. 1943 साली बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला. लाखो माणसं अन्नाशिवाय मेली. चित्तप्रसाद मेदिनीपूर जिल्ह्यात पायी फिरले आणि भुकेल्या माणसांची चित्रं काढत गेले. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. चित्राखाली ते त्या माणसाचं नाव लिहीत, गाव लिहीत. 'दुष्काळग्रस्त' एवढंच लिहून मोकळे झाले नाहीत. त्या चित्रांचं छोटं पुस्तक निघालं, तर इंग्रज सरकारने त्याच्या प्रती जप्त करून जाळल्या. भुकेल्या माणसाच्या चेहऱ्याला सरकार घाबरलं म्हणायचं!

पुढे 1946 पासून चित्तप्रसाद मुंबईत अंधेरीला राहिले, जवळजवळ आयुष्यभर. पैसा जवळ नव्हता. लिनो स्वस्त, घरच्या घरी छापता येतो, म्हणून त्यांनी लिनोवर खूप काम केलं. शेतकरी, मजूर, लेकराला कवटाळलेल्या आया. शाळेत जायच्या वयात कामाला जुंपलेल्या मुलांची त्यांनी एक मालिकाच कोरली. परीच्या गोष्टी ज्यांच्या वाट्याला आल्या नाहीत अशी ही मुलं. 1969 साली युनिसेफच्या डेन्मार्कमधल्या समितीने ती मालिका छापली. 1978 साली चित्तप्रसाद गेले. जिवंतपणी त्यांना फार मान मिळाला नाही. आज त्यांचे ते कागद मोठ्या संग्रहालयांत आहेत. म्हणजे ज्या पोरांना रस्त्यावर कुणी वळून पाहत नव्हतं, त्यांना आज लोक काचेपलीकडून निरखून पाहतात.

आता एका बाईची गोष्ट. एलिझाबेथ कॅटलेट तिचं नाव. तिचाही जन्म 1915 चा, अमेरिकेतला. काळ्या वर्णाची. तिचे आजी-आजोबा गुलामगिरीतून सुटलेले. 1946 साली ती मेक्सिको देशात गेली. तिथे चित्रकारांची एक सामूहिक कार्यशाळा होती. तिथे गरिबांच्या हक्कांची चित्रं लिनोवर कोरून, ढिगाने छापून लोकांत वाटत. कॅटलेटने तिथे काळ्या बायांची पंधरा चित्रं कोरली. घरकाम करणारी, शेतात राबणारी, गुलामांना सोडवणारी, हक्कांसाठी बोलणारी. आणि 1952 साली तिने एक चित्र केलं, बटाईने शेती करणाऱ्या बाईचं. डोक्यावर गवताची रुंद टोपी, उन्हाने रापलेला चेहरा, नजर लांबवर. अंगातल्या कपड्याला बटण नाही, म्हणून गळ्याशी सेफ्टी पिन लावलेली.

ती सेफ्टी पिन पाहिली आणि मी थांबलेच. आपल्या बांगडीत, मंगळसूत्रात अडकवलेली असते ना, तीच ती. हजारो कोस लांबची, दुसऱ्या रंगाची, दुसऱ्या भाषेची बाई, आणि ती मला आमच्या गटातलीच वाटली. दुसऱ्याच्या रानात बटाईने राबणाऱ्या किती जणी आज हे ऐकत असतील! राण्यांच्या रांगेत चित्रकाराने तुमच्या एका बहिणीला बसवलं, आणि तिच्या अंगावर दागिना दाखवला तो सेफ्टी पिनचा.

आता माझी गंमत सांगते. दोन वर्षांपूर्वी एका कलाशिक्षकांनी मुलांसाठी ठसेकामाचं शिबिर घेतलं. लेकीला घेऊन गेले आणि लेकीपेक्षा मीच रमले. मोठीमायचा तो अंगठ्याचा प्रकार झाल्यावर मी ठरवलं, अंगठा उमटत नाही ना, मग चेहरा उमटवायचा. त्यांना ओट्यावर बसवलं. त्या तूर निवडत बसल्या आणि मी चित्र काढत बसले. आठ दिवस रात्री कामं आवरल्यावर कोरत होते. त्यात एकदा हत्यार सटकलं आणि डाव्या हाताच्या बोटात घुसलं, कारण समोरचा हात हत्याराच्या वाटेत ठेवला होता. म्हणून आधीच सांगते, दुसरा हात नेहमी कोरणीच्या मागे ठेवायचा. आणि लिनो कडक लागला तर थोडा वेळ उन्हात ठेवायचा, मऊ पडतो.

छापून कागद उचलला आणि मी खूश. पळत मोठीमायला दाखवायला नेला. त्यांनी लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि म्हणाल्या, "समदं बेस हाय. पण माझी नाकातली फुली इकडून तिकडं कशी गेली गं?" ठशात सगळं उलटं उमटतं हे मला ठाऊक होतं, पण घाईत विसरले होते. डाव्या नाकपुडीतली फुली उजवीकडे गेली होती. खाली कोरलेलं त्यांचं नावही आरशात पाहिल्यासारखं उलटं. सगळ्या जणी पोट धरून हसल्या.

दुसऱ्या वेळी नीट केलं. मऊ पेन्सिलीने कागदावर चित्र काढायचं, कागद लिनोवर पालथा टाकून घासायचा. चित्र लिनोवर उलटं उतरतं आणि छापल्यावर सरळ येतं. मग कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या एकेक कोरत गेले. तेव्हा लक्षात आलं, की ज्या रेघा अंगठ्यावरून झिजून गेल्या, त्या सगळ्या चेहऱ्यावर आहेत. उन्हाची आहे, दुष्काळाची आहे, मालक गेल्यानंतरची आहे. एकही पुसली गेलेली नाही.

त्यानंतर गटातल्या आणखी चौघीजणी शिकायला बसल्या. एकीने आपल्या सासूचा चेहरा केला. एकीने वारलेल्या आईचा करायला घेतला. फोटो एकच, तोही रेशनकार्डावरचा, डाग पडलेला. ती कोरता कोरता सांगत होती, आईची हनुवटी अशी होती, हसताना गाल असा वर जायचा. बहिणीला बोलावून विचारलं, मावशीला विचारलं. ज्या आईबद्दल दहा वर्षं घरात कुणी चार वाक्यं बोललं नव्हतं, तिच्याबद्दल तीन घरं आठवडाभर बोलत राहिली. मला तर वाटतं, चित्रापेक्षा हेच मोठं काम झालं.

गटाच्या बैठकीत एका काकूंनी प्रश्न केला, "ह्याच्यातून पैसे किती मिळतील?" प्रश्न बरोबर आहे. आपण पापड-लोणचं, शेळी, शिलाई सगळं नफ्या-तोट्यात मोजायला शिकलो आणि ते शिकायलाच हवं होतं. पण मी त्यांना म्हटलं, काकू, ह्याचे पैसे मिळणार नाहीत. हा छंद आहे. नवरा पत्ते खेळतो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही, पैसे किती मिळतील म्हणून. आपल्या आज्या गोधडीवर टाके घालताना त्यात मोर-पोपट काढायच्या, उंबऱ्यावर रांगोळी घालायच्या, ते काय बाजारात विकायला? दिवसातला अर्धा तास आपला स्वतःचा असावा, एवढीच मागणी आहे. काकू हसल्या. पुढच्या बैठकीला त्यांनी जुन्या चपलेचा तळ आणला आणि म्हणाल्या, "ह्याच्यावर हात बसवता येईल का?" येतो! शिकताना रबर, चपलेचा तळ, काहीही चालतं.

मैत्रिणींनो, इतिहास लिहिणाऱ्यांनी आपल्या आज्यांची नावं लिहिली नाहीत, चेहरे जपले नाहीत, ही तक्रार खरी आहे. नाणेघाटात राणीचा चेहरा दगडातूनही गेला. पण चित्तप्रसादांनी दाखवलं, की भुकेल्या माणसाचं नाव आणि चेहरा एका कागदावर मांडता येतो. कॅटलेटने दाखवलं, की बटाईदार बाईचं चित्र बाईनेच काढता येतं. आता तर मोबाइल आहे, फोटो चुटकीसरशी निघतो. पण हजार फोटोंत आपण कुणाकडे नीट बघत नाही. कोरायला बसलं की आठ दिवस एकाच चेहऱ्याकडे बघावं लागतं.

तर एक काम करा. तुमच्या गटात, घरात जी सगळ्यांत थोरली असेल, तिच्यापाशी जाऊन बसा. तिचं पूर्ण नाव विचारा, माहेरचं गाव विचारा, आणि वहीत लिहून ठेवा. जमलं तर तिचा चेहरा काढा, पेन्सिलीने, खडूने, भेंडीच्या ठशाने, कशानेही. लिनो मिळाला तर फारच छान. खाली नाव मात्र नक्की लिहा, आणि कोरणार असाल तर आधी उलटं लिहायला विसरू नका!

मोठीमायचं चित्र आज आमच्या गटाच्या बैठकीच्या खोलीत आहे. जिजाऊ, सावित्रीमाई आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खालच्या रांगेत. मोठीमाय बैठकीला आल्या की आधी त्याच्याकडे बघतात, मग रजिस्टरात सही करतात. हो, सही. अंगठा नाही. या वयात त्या तीन अक्षरं शिकल्या.

पुढच्या वेळी भेटू. रामराम.